धरावे किती, सोडावे कसे: संमिश्र सच्छिद्र पदार्थांचा आढावा

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून मिळणारे अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांवर येऊन अडते. मनोरा कितीही उंच बांधा, वाफ कितीही खर्च करा, उरलेले चार-पाच टक्के पाणी काही निघत नाही, कारण त्या टप्प्यावर द्रवात पाणी आणि इथेनॉल ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात ते वाफेतही उतरतात. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्धता लागते. पूर्वी हा अडसर बेंझिन किंवा सायक्लोहेक्झेन घालून दूर करीत. आज महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्यांत त्या जागी उभ्या टाक्यांची जोडी असते आणि तिच्यात दोन-तीन मिलिमीटरच्या फिकट गोळ्या भरलेल्या असतात. अल्कोहोलची वाफ या गोळ्यांमधून जाते तेव्हा पाणी गोळ्यांत अडकते आणि इथेनॉल पुढे निघून जाते. काही मिनिटांत पहिली टाकी भरत आली की वाफ दुसरीकडे वळवतात. पहिलीत निर्वात करून, थोडी कोरडी अल्कोहोलची वाफ उलटी सोडून अडकलेले पाणी बाहेर काढतात. मग पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी, दिवसरात्र.

गोळीतला प्रत्यक्ष काम करणारा घटक म्हणजे ‘३ए’ जातीचा झिओलाइट. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या या स्फटिकात एकाच मापाची दारे असतात, सुमारे ०.३ नॅनोमीटरची. पाण्याचा रेणू त्याहून किंचित लहान आहे आणि इथेनॉलचा सुमारे ०.४४ नॅनोमीटरचा. निवड इतकी साधी आणि इतकी काटेकोर आहे. पण हे स्फटिक असतात काही मायक्रॉनचे. ती भुकटी तशीच टाकीत ओतली, तर वाफ तिच्यातून जाणार नाही, दाब चढेल आणि धूळ पुढच्या नळ्यांत जाऊन बसेल. म्हणून भुकटी मातीच्या बाइंडरबरोबर मळून, गोळ्या करून भाजतात. गोळीत साधारण १० ते २० टक्के माती असते. ही माती पाणी जवळजवळ धरत नाही, म्हणजे वजनाच्या हिशेबात ती तोटाच. तरीही गोळीला ताकद तीच देते, आणि स्फटिकांच्या मधल्या फटींतून वाफेला आत शिरायला रुंद वाटा मिळतात. सूक्ष्म रंध्र निवड करते, मोठे रंध्र वाहतूक सांभाळते आणि माती दोघांना एकत्र ठेवते. संमिश्र सच्छिद्र पदार्थ म्हणजे काय, ते या एका गोळीत सगळे आहे.

या विषयावर दरवर्षी प्रचंड प्रमाणात संशोधन प्रसिद्ध होते. त्यात बहुतेक वेळा एकच प्रश्न पुढे असतो: नवा पदार्थ एका ग्रॅममध्ये किती धरतो? मला वाटते, याहून महत्त्वाचे प्रश्न तीन आहेत. धरलेले तो किती उष्णतेत सोडतो? ओलाव्यात तो टिकतो का? आणि भुकटीची गोळी झाल्यावर त्याचे किती गुण उरतात? संमिश्र पदार्थांची सगळी कहाणी या तीन प्रश्नांना दिलेल्या उत्तरांची आहे.

घन पदार्थाच्या पृष्ठभागावर वायूचे किंवा द्रवाचे रेणू चिकटून राहतात, त्याला अधिशोषण म्हणतात. कार्ल शेले या रसायनज्ञाने १७७३ मध्ये कोळसा वायू धरतो हे नोंदवले, आणि १७८५ मध्ये योहान टोबियास लोविट्झ याने कोळशाने द्रावणांचा रंग उतरवून दाखवला. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममधल्या रंध्रांच्या भिंती उलगडल्या तर हजार चौरस मीटरच्या आसपास क्षेत्र भरते. रेणू चिकटताना उष्णता बाहेर पडते आणि सोडवताना तेवढी परत द्यावी लागते. पकड जितकी घट्ट तितकी सुटका महाग, हा या शास्त्रातला मूळ पेच आहे आणि तो कोणत्याही पदार्थाला चुकलेला नाही.

पेच महत्त्वाचा का, हे ऊर्जेच्या हिशेबावरून कळते. डेव्हिड शोल आणि रायन लाइव्हली यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या लेखात जगाच्या एकूण ऊर्जावापरापैकी १० ते १५ टक्के ऊर्जा रासायनिक मिश्रणे वेगळी करण्यात जाते असा अंदाज मांडला होता. त्यातला मोठा वाटा ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे उकळून वेगळे करण्याचा. उकळताना सगळ्या मिश्रणाला उष्णता द्यावी लागते. अधिशोषणात नेमका नको असलेला घटक बाजूला काढता येतो. झायलीन-द्रवांचे उदाहरण घ्या. पॉलिएस्टरच्या धाग्याला आणि पाण्याच्या बाटल्यांना लागणारे पॅरा-झायलीन १३८ अंश सेल्सियसला उकळते, तर त्याचे भावंड मेटा-झायलीन १३९ अंशांना. एका अंशाच्या फरकावर मनोरा चालवणे व्यवहारात अशक्य. १९७०च्या दशकापासून हे काम बेरियम किंवा पोटॅशियम घातलेले झिओलाइट द्रवातच करतात, उकळल्याशिवाय.

वायूंच्या बाबतीत या तंत्राची ओळख आपल्याकडे घराघरांत झाली ती २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या लाटेत ऑक्सिजनचा तुटवडा पडला तेव्हा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. दोन्ही रेणूंच्या आकारात फरक इतका थोडा की चाळणी लावून उपयोग नाही. झिओलाइटच्या पिंजऱ्यात मात्र सोडियम किंवा लिथियमचे आयन बसलेले असतात, त्यांच्याभोवती तीव्र विद्युत क्षेत्र असते, आणि नायट्रोजनच्या रेणूतील विद्युतभाराची रचना त्या क्षेत्राकडे ऑक्सिजनपेक्षा जास्त ओढली जाते. दाबाखाली हवा सोडली की नायट्रोजन मागे राहतो आणि ऑक्सिजन पुढे येतो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो. चार्ल्स स्कार्स्ट्रॉम याने १९६० मध्ये पेटंट मिळवलेले हे दोन टाक्यांचे चक्र म्हणजेच रुग्णालयांतले पीएसए (दाब-बदल अधिशोषण) संयंत्र. हवेतला जवळजवळ एक टक्का आर्गॉन ऑक्सिजनसारखाच वागतो, तोही सोबत निघून येतो. त्यामुळे अशा संयंत्रातून ऑक्सिजनची शुद्धता ९५ टक्क्यांच्या आसपास थांबते.

नायट्रोजन तयार करणारी पीएसए संयंत्रे अनेक कारखान्यांत असतातच. त्यांच्यात कार्बनची रेण्वीय चाळणी असते. तिची रंध्रे इतकी अरुंद की ऑक्सिजन झपाट्याने आत शिरतो, नायट्रोजन रेंगाळतो आणि त्या थोड्या वेळात तो शुद्ध स्वरूपात बाहेर काढून घेता येतो. एक पदार्थ ओढीवर काम करतो, दुसरा वेगावर. त्या टंचाईत मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक मिलिंद अत्रे यांच्या पुढाकाराने, टाटा कन्सल्टिंग इंजिनियर्स आणि स्पॅनटेक या कंपन्यांच्या मदतीने, नायट्रोजनच्या संयंत्रातला कार्बन काढून झिओलाइट भरला गेला. त्याच सांगाड्यातून ३.५ वातावरण दाबाला ९३ ते ९६ टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळाला. कॉम्प्रेसर तेच, झडपा त्याच, टाक्या त्याच. बदलला तो आतला पदार्थ. अधिशोषक पदार्थांचे मोल इतक्या स्पष्टपणे सांगणारा प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

त्याच संयंत्रांनी या पदार्थांचे दुखणेही दाखवले. लिथियमयुक्त झिओलाइटला पाणी नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त आवडते. मुंबई-कोकणातली दमट हवा थेट आत गेली तर पाणी आयनांच्या जागा पकडते आणि दाब उतरवूनही सोडत नाही, ते काढायला दोनशे-तीनशे अंशांची भट्टी लागते. म्हणून टाकीच्या तोंडाशी सक्रिय ॲल्युमिना किंवा सिलिका जेलचा थर देतात. तो पाणी घेतो आणि चक्रागणिक परत करतो, वरचा झिओलाइट कोरडा राहतो. संमिश्रणाची ही दुसरी पातळी: गोळीत नव्हे, टाकीत. तिची नोंद शोधनिबंधांत क्वचित होते, पण संयंत्र दहा वर्षे चालणार की दहा महिन्यांत बसणार, हे या थरावर ठरते.

झिओलाइटचा उल्लेख निघाला की पुणे-नाशिक-जळगावकडच्या खाणींची आठवण होते. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांचे जगप्रसिद्ध स्फटिक सापडतात आणि ते जगभरच्या संग्रहालयांत आहेत. उद्योगाला मात्र त्यांचा उपयोग नाही. तिथे लागतो तो एकसारखा, मोठ्या साठ्यात मिळणारा माल. १९४० च्या दशकात रिचर्ड बॅरर यांनी ब्रिटनमध्ये आणि रॉबर्ट मिल्टन यांनी अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत झिओलाइट कृत्रिमरीत्या बनवण्याची वाट पाडली, आणि १९५४ पासून ते बाजारात आले. आजच्या संयंत्रांतले झिओलाइट त्याच वंशातले.

आता खऱ्या अर्थाने संमिश्र म्हणून रचलेल्या पदार्थांकडे येऊ. यातला सगळ्यात जुना वर्ग म्हणजे भिजवलेला कोळसा. पहिल्या महायुद्धातल्या मुखवट्यांपासून कोळशाच्या रंध्रांत तांब्याचे क्षार बसवण्याची पद्धत आहे. जे वायू नुसत्या कोळशाला चिकटत नाहीत त्यांना हे क्षार रासायनिक क्रियेने पकडतात. यात सुटकेचा प्रश्नच नाही, कारण मुखवट्याची डबी एकदाच वापरायची.

कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या कामात मात्र सुटकाच सर्वस्व आहे. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरात तो १२ ते १५ टक्के असतो, सोबत भरपूर वाफ असते आणि गंधकाची संयुगेही. १३एक्स हा झिओलाइट कोरड्या वायूतून कार्बन डायऑक्साइड उत्तम धरतो आणि ओल्या धुरात जवळजवळ निकामी होतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात चुनशान सोंग यांच्या गटाने २००२ मध्ये वेगळा मार्ग घेतला. एमसीएम-४१ या सिलिकाची काही नॅनोमीटर रुंद रंध्रे त्यांनी पॉलिइथिलीनइमाइन या अमाइनयुक्त, चिकट पॉलिमरने भरली. सिलिका एकटी कार्बन डायऑक्साइड फारसा धरत नाही. पॉलिमर एकटा घट्ट, वायूला आत जाऊ न देणारा. दोन्ही एकत्र आल्यावर पॉलिमर पातळ थरात पसरतो आणि त्याचे अमाइन गट वायूला भेटू लागतात. या पदार्थाचे एक वर्तन मला विशेष मोलाचे वाटते. साधारणतः तापमान वाढले की अधिशोषण घटते, पण हा पदार्थ ७५ अंशांना खोलीच्या तापमानापेक्षा जास्त वायू धरतो, कारण उष्णतेने पॉलिमरच्या साखळ्या सैल होतात आणि आतले अमाइन उघडे पडतात. म्हणजे अडचण धरण्याच्या क्षमतेची नव्हती, पोचण्याच्या वाटेची होती. शिवाय ओलावा इथे शत्रू नाही. पाणी असताना अमाइनचा वापर उलट अधिक काटकसरीने होतो.

याच कुळातले अमाइनयुक्त घन पदार्थ आज सरळ हवेतून कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी वापरले जातात. हवेत तो फक्त सुमारे ०.०४ टक्के, त्यामुळे घट्ट पकड लागते आणि सोडवायला शंभर अंशांच्या आसपास तापवावे लागते. आइसलँडमध्ये क्लाइमवर्क्स कंपनीचे ‘ऑर्का’ संयंत्र २०२१ मध्ये सुरू झाले, वर्षाला ४,००० टन क्षमतेचे. भूगर्भातली उष्णता तिथे हाताशी आहे, हे विसरून या तंत्राचा हिशेब मांडता येत नाही. पदार्थाचे दुखणे असे की गरम असताना हवा लागली तर अमाइन ऑक्सिजनने खराब होतात, आणि कोरड्या गरम कार्बन डायऑक्साइडमध्ये त्यांचे युरियासारख्या निष्क्रिय गटांत रूपांतर होते. वीस चक्रांचे आलेख छापून या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, हजारो चक्रे चालवावी लागतात.

दुसरा वर्ग क्षार आणि सच्छिद्र आधार यांचा. कॅल्शियम क्लोराइड हवेतले पाणी हपापल्यासारखे घेते, पण घेता घेता स्वतःच विरघळून वाहू लागते. नोव्होसिबिर्स्कच्या बोरेस्कोव संस्थेत युरी अरिस्तोव यांनी १९९० च्या दशकात ते सिलिका जेलच्या रंध्रांत बसवले. द्रावण झाले तरी ते रंध्रातच राहते, गोळी बाहेरून कोरडी असते, आणि ती स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी धरू शकते. सुटकेला शंभर अंशांखालची उष्णताही पुरते, म्हणजे सौर संग्राहक किंवा वाया जाणारी गरम हवा चालते. शीतकरणासाठी हा पदार्थ फार आशेचा आहे. प्रमाण जास्त झाले की मात्र क्षार बाहेर झिरपतो आणि यंत्रातला धातू गंजतो.

धातू-सेंद्रिय चौकटी, म्हणजे एमओएफ, यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर यागी हे मानकरी. धातूचे आयन हे सांधे आणि सेंद्रिय रेणू हे त्यांना जोडणारे दांडे, अशी ही रचना. दांडा बदलला की रंध्राचे माप बदलते. काही चौकटींच्या एका ग्रॅमचे पृष्ठक्षेत्र ७,००० चौरस मीटरच्या वर मोजले गेले आहे. हा आकडा थक्क करतो आणि दिशाभूलही करतो. १९९९ ची गाजलेली एमओएफ-५ ही चौकट हवेतल्या ओलाव्यानेच ढासळते. ज्या पदार्थाला पावसाळा सोसवत नाही, त्याच्या पृष्ठक्षेत्राचे आपल्याकडे करायचे काय?

या चौकटी प्रयोगशाळेबाहेर आल्या त्या संमिश्र होऊन. यागी आणि एव्हलिन वांग यांच्या गटांनी २०१७ मध्ये हवेतून पाणी काढण्याचे उपकरण केले, तेव्हा एमओएफ-८०१ ची भुकटी तांब्याच्या सच्छिद्र फेसात भरली होती. चौकटी उष्णता अगदी हळू वाहून नेतात, त्यामुळे तांब्याविना ऊन आतपर्यंत पोचलेच नसते. पुढच्या वर्षी एमओएफ-३०३ मध्ये एक तृतीयांश ग्रॅफाइट मिसळले, ऊन शोषण्यासाठी आणि उष्णता पसरवण्यासाठी. धारणक्षमता त्या प्रमाणात घटली, पण धरलेले पाणी उन्हाने सोडवणे सोपे झाले.

कॅनडातल्या कॅलगरीच्या जॉर्ज शिमिझू यांच्या गटाची कॅल्फ-२० ही चौकट मला या सगळ्यांत सर्वांत प्रगल्भ वाटते. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्या निबंधात पुण्याच्या आयसरचे रामनाथन वैद्यनाथन हेही सहलेखक आहेत. जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झॅलेट, तिन्ही घटक साधे आणि स्वस्त. तिचे पृष्ठक्षेत्र विक्रमी नाही. पण सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असताना ती पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडला पसंती देते, वाफेचा मारा सोसते आणि पकड मध्यम असल्याने सहज सोडते. तिलाही पॉलिसल्फोन या पॉलिमरबरोबर बांधूनच वापरायचा आकार दिला गेला. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये धातूविरहित सेंद्रिय चौकटी आम्लात आणि उकळत्या पाण्यात टिकतील अशा बनवल्या. विक्रमापेक्षा टिकाऊपणाकडे पाहण्याची ही दृष्टी पुण्यात रुजली, याचा अभिमान वाटावा. पॉलिमरच्या पडद्यात अशा चौकटींचे कण पेरून पटल बनवण्याचाही प्रयत्न जोरात आहे. तिथला न सुटलेला प्रश्न कण आणि पॉलिमर यांच्या सांध्यातल्या फटींचा आहे, कारण वायू निवडीचा मार्ग सोडून त्या फटींतून निसटतो.

पाण्यातले अधिशोषण हे वेगळेच जग आहे. वायूत रेणू झपाट्याने फिरतात, पाण्यात ते हजारो पटींनी मंद होतात. रंध्रे अतिसूक्ष्म ठेवली तर रेणू आत पोचेपर्यंत पाणी निघून गेलेले असते. आणि पकडायचे ते अगदी थोडे. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, तर त्याच पाण्यात बायकार्बोनेट, सल्फेट, फॉस्फेट त्याच्या शेकडो-हजारो पट असतात. लोहाची जलयुक्त ऑक्साइडे आर्सेनिक उत्तम पकडतात, पण ती असतात गाळासारखी मऊ, पाणी अडवणारी. बांगलादेशात अबुल हुसाम यांनी ‘सोनो’ गाळणीत लोखंडाच्या किसापासून बनवलेला संमिश्र लोह-थर बसवला, सोबत वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे. वीज लागत नाही, कळ फिरवावी लागत नाही. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्यांना दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक दिले.

त्याच वर्षी त्याच स्पर्धेत दुसरा सन्मान मिळाला तो लिहाय विद्यापीठाच्या अरूप सेनगुप्ता यांच्या पश्चिम बंगालमधल्या कामाला. सेनगुप्तांच्या गटाने रचलेला संकरित पदार्थ तर रसायनाच्या दृष्टीने अतिशय सुंदर आहे. आयन-विनिमय करणाऱ्या पॉलिमर मण्याच्या आत त्यांनी लोह-ऑक्साइडचे नॅनोकण रुजवले. मण्याच्या सांगाड्यावर कायमचे धन विद्युतभार आहेत. आर्सेनेट ऋणभारित असल्यामुळे ते मण्यात ओढले जाते, आणि आत गेल्यावर लोह त्याला घट्ट धरते. पॉलिमर गोळा करतो, लोह ओळखतो. नुसत्या लोहाच्या कणांपेक्षा हा मणी जास्त काम करतो आणि दाबाखाली चुरत नाही. आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या जाळ्यात लोहाचे ऑक्सिहायड्रॉक्साइड बसवून दाणेदार पदार्थ बनवला, तो साध्या पाण्यात, साध्या तापमानाला तयार होतो. त्यांच्या या कामाने गावपातळीवरच्या गाळण्यांचा मार्ग खुला केला.

महाराष्ट्रात आर्सेनिकपेक्षा फ्लोराइडचा जाच मोठा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत कूपनलिकांच्या पाण्यात ते मर्यादेपलीकडे आढळते, आणि दातांवरचे डाग, पुढे हाडांचे विकार त्यातून येतात. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुन्याची ‘नलगोंडा’ पद्धत दिली. ती गाळ बसवण्याची पद्धत आहे, अधिशोषणाची नाही. सक्रिय ॲल्युमिना फ्लोराइड धरतो खरा, पण त्याला पाणी किंचित आम्लधर्मी लागते, सामू साडेपाच-सहाच्या आसपास. विदर्भातल्या भूजलाचा सामू सातच्या वर आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात दिसणारी क्षमता गावात एका अंशावर येते. कायटोसान, लँथॅनम, झिरकोनियम, ॲल्युमिना यांची नाना संमिश्रणे यावर सुचवली गेली आहेत. बहुतेकांची चाचणी ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून झालेली असते. पांढरकवड्याच्या किंवा किनवटच्या कूपनलिकेचे पाणी घेऊन, तेही उन्हाळ्यातले, चाचणी केल्याशिवाय अशा आकड्यांवर योजना उभारू नये.

शेवटी सुटकेचा प्रश्न पाण्यातही येतोच. फ्लोराइड सोडवायला कॉस्टिक सोडा लागतो आणि त्यातून निघणारे सांद्र पाणी गावात कुठे टाकायचे, हे कोणीतरी ठरवावे लागते. आर्सेनिक धरलेला लोह-पदार्थ साध्या कचऱ्याच्या ढिगात पुरला, तर तिथल्या प्राणवायूविरहित वातावरणात लोहाचे क्षपण होते, ते विरघळते आणि आर्सेनिक पुन्हा जमिनीत उतरते. पश्चिम बंगालमध्ये सेनगुप्तांच्या गटाने यासाठी हवा खेळती राहील अशा जाड वाळूच्या थरावर हा गाळ साठवण्याची व्यवस्था गाळण्यांबरोबरच आखली, आणि अधिशोषकाचे पुनरुज्जीवन गावागावांत न करता एका मध्यवर्ती ठिकाणी केले.